फुकट ते पौष्टिक?

होस्टेलवर राहणाऱ्या माणसाची तीन गोष्टींवर आंधळी श्रद्धा असते. सबमिशनची तारीख पुढे जाणार यावर, सिनिअरच्या नोट्सवर आणि त्याच सिनिअरच्या पेन ड्राइव्हमधल्या क्रॅकवर. पहिल्या दोन श्रद्धा खोट्या ठरल्या तर फार तर एखादी केटी लागते. तिसरी खोटी ठरली, तर प्रोजेक्ट, रिपोर्ट, घरच्या लग्नाचे फोटो, सगळं एका रात्रीत कुलूपबंद होऊ शकतं. या कुलपाचं नाव रॅन्समवेअर. मराठीत सांगायचं तर खंडणीखोर प्रोग्रॅम.

क्रॅकच्या फोल्डरमधली सूचना कधी नीट वाचली आहे का? पहिली ओळ बहुतेक वेळा एकच असते: ‘अँटिव्हायरस बंद करा.’ आणि आपण तो इमानदारीत बंद करतो! उद्या एखादा अनोळखी माणूस दारात येऊन म्हणाला, ‘काका, मी आत येतोय, तेवढा कुत्रा बांधून ठेवा,’ तर आपण बांधू का? पण कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र कुत्राही आपणच बांधतो आणि पाहुण्याला चहाही आपणच विचारतो.

रॅन्समवेअर ही काही कालची गोष्ट नाही. १९८९ मध्ये जोसेफ पॉप नावाच्या माणसाने एड्सची माहिती देणाऱ्या हजारो फ्लॉपी टपालाने जगभर पाठवल्या. मशीन साधारण ९० वेळा सुरू केलं, की फायलींची नावं गोंधळून जायची आणि पडद्यावर मागणी यायची: १८९ डॉलर पनामातल्या एका पोस्ट बॉक्सवर पाठवा. म्हणजे धंदा जुनाच आहे, फक्त फ्लॉपीच्या जागी डाउनलोड आलं आणि पोस्ट बॉक्सच्या जागी बिटकॉइन.

आपल्यासारख्या फुकट्यांसाठी खास बनवल्यासारखं एक घराणं आहे, स्टॉप उर्फ डीजेव्हीयू. ते २०१८ पासून फिरतंय आणि त्याचा मुख्य रस्ताच क्रॅक, कीजेन आणि ॲक्टिव्हेटर हा आहे. ते मोठ्या बँकांच्या मागे लागत नाही. त्याला घरातला, होस्टेलमधला साधा पीसी चालतो. त्यामुळे ‘मला कोण हॅक करणार, माझ्याकडे आहे काय?’ हा आपला लाडका प्रश्न इथे निकामी आहे. कोळी जाळं टाकताना अमुकच मासा पाहिजे असं म्हणत नाही.

ते आत आल्यावर काय करतं, ते समजून घेण्यासारखं आहे. काही आवृत्त्या पडद्यावर विंडोज अपडेटची खोटी खिडकी दाखवतात. आपण म्हणतो, चला, अपडेट होतंय तोवर चहा मारून येऊ. तेवढ्या वेळात डॉक्युमेंट, फोटो, ड्रॉइंग, झिप अशा फायली एकेक करून एन्क्रिप्ट होतात. प्रत्येकीच्या नावामागे एक नवं शेपूट लागतं. विंडोजच्या स्वतःच्या फायलींना हात लावला जात नाही, कारण मशीनच बंद पडलं तर खंडणीची चिठ्ठी वाचणार कोण? विंडोज स्वतःहून ठेवत असलेल्या जुन्या प्रतीही पुसल्या जातात. अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइट उघडू नयेत म्हणून होस्ट्स फाइलमध्ये ढवळाढवळ होते. अनेकदा सोबत पासवर्ड चोरणारा जोडीदारही येतो. आणि तो मूळ प्रोग्रॅम दर थोड्या वेळाने पुन्हा चालेल अशी सोय केलेली असते, म्हणून घाबरून लगेच बॅकअपचा पेन ड्राइव्ह लावला की तोही गेलाच!

शेवटी फोल्डरात ‘रीडमी’ नावाची चिठ्ठी सापडते: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिलेत तर निम्म्यात, म्हणजे ४९० डॉलरमध्ये काम होईल. ज्याने काही हजारांचं लायसन्स वाचवायला क्रॅक टाकला, त्याला आता डॉलरमध्ये डिस्काउंट!

आपल्यातले हुशार इथे म्हणतात, ‘त्यात काय, कोड फोडू.’ फुटत नाही हो. गंमत अशी, की ज्या गणितावर बँकेचा व्यवहार सुरक्षित राहतो, तेच गणित इथे चोराने वापरलंय. फायली एका वेगवान किल्लीने बंद होतात आणि ती किल्ली आरएसएच्या सार्वजनिक किल्लीने बंद होते. दाबून लावायचं कुलूप आठवा. लावायला किल्ली लागत नाही, उघडायला लागते. चोराने आपल्या घरी फक्त कुलूप पाठवलंय, किल्ली त्याच्या खिशात आहे. काही प्रकारांमध्ये चोरांकडून चुका झाल्या, त्यामुळे ऑक्टोबर २०१९ मध्ये एम्सिसॉफ्ट या कंपनीने या घराण्याच्या १४८ प्रकारांसाठी फुकट उपाय दिला. पण त्यानंतरच्या प्रकारांत कुलूप जास्त नीट बसवलेलं आहे. चोराच्या चुकीच्या भरवशावर आपलं प्रोजेक्ट ठेवायचं का?

आणखी एक गैरसमज: ‘माझ्या लॉगिनला ॲडमिनचे अधिकार नाहीत, मी सेफ.’ अहो, तुमची फाइल बदलायचा अधिकार तुम्हाला आहे ना? मग तुमच्या नावाने चालणाऱ्या प्रोग्रॅमलाही तो आहे. लॅबमधल्या सामायिक फोल्डरात लिहायची परवानगी असेल तर तिथल्या फायलीही त्याच्याच.

आता एखादा सज्जन विद्यार्थी म्हणेल, मी क्रॅक वापरतच नाही, मला कशाला हे प्रवचन? त्याच्यासाठी १२ मे २०१७ ची गोष्ट. त्या दिवशी वॉनाक्राय सुटला. त्याला कुणी क्लिक करायचीही गरज नव्हती. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या भोकातून तो एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर आपोआप उडी मारायचा. ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट रद्द झाल्या, आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे कॉम्प्युटर अडकले. मागणी ३०० डॉलरची. पैसे भरायला सगळ्या जगासाठी मिळून बिटकॉइनचे तीनच पत्ते, त्यामुळे कुणी भरले आणि कुणी नाही हे चोरालाही धड कळत नव्हतं. आणि ते भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी दिलेलं होतं. लोकांनी ‘नंतर आठवण करा’ दाबलं होतं. होस्टेलच्या लॅनवर एकाचा आळस हा सगळ्या विंगचा प्रश्न आहे, तो असा.

पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ ला, नॉटपेट्या आला. युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो निघाला आणि थेट आपल्या न्हावा शेव्यापर्यंत पोचला. जवाहरलाल नेहरू बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. हा तर खंडणीचं नुसतं सोंग घेतलेला होता, पैसे भरूनही फायली परत मिळायची सोयच नव्हती. मर्स्कला ४००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले. त्यांच्या नेटवर्कचा कणा असलेले डोमेन कंट्रोलर जगभर एकमेकांची नक्कल ठेवत होते, त्यामुळे सगळे एकदमच गेले. वाचला फक्त एक, घानातला. का? तर हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो नेटवर्कवर नव्हता! तिथली हार्ड डिस्क माणसांनी हातोहात, विमानाने इंग्लंडला नेली. लोडशेडिंगला आपण आयुष्यभर शिव्या घातल्या, पण जगातली एक बलाढ्य शिपिंग कंपनी त्याच लोडशेडिंगने वाचवली.

माझ्या मते या सगळ्या विषयाचं सार त्या घानातल्या डिस्कमध्ये आहे. जी प्रत जोडलेली नसते, तीच वाचते. कायम लावून ठेवलेली हार्ड डिस्क हा बॅकअप नव्हे, तो दुसरा बळी. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह सिंक असेल तर कुलूप लागलेली फाइलही इमानेइतबारे वर जाते. तिथे जुनी आवृत्ती परत मिळवायची सोय असते, ती कुठे आहे ते संकट येण्याआधी एकदा बघून ठेवा.

आता थोडं आदरणीय शिक्षकवर्गाशी बोलतो. सर, पोरं क्रॅक वापरतात ते सगळेच चोर म्हणून नाही. असाइनमेंट ज्या सॉफ्टवेअरमध्ये मागितली जाते ते लॅबमध्येच असतं आणि लॅबला संध्याकाळी कुलूप लागतं. सबमिशन मात्र सकाळी दहाला! ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना आपली सॉफ्टवेअर फुकट देतं, मॅटलॅबची पुष्कळ कामं ऑक्टेव्हमध्ये होतात, सर्किटसाठी एलटीस्पाइस आणि कायकॅड आहेत. हे पहिल्या प्रॅक्टिकललाच सांगितलं तर निम्मे क्रॅक तिथेच थांबतील. लॅब परीक्षेच्या दिवसांत रात्री उघडी ठेवली तर उरलेले. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा लॅबमधल्या जुन्या मशीनचं काय करायचं, हा प्रश्नही खरेदीच्या फायलीत पडून राहू नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या विंगमध्ये एकाच्या फायली गेल्या तेव्हा तो दोन दिवस गप्प बसला. क्रॅक टाकला हे कळलं तर दंड होईल, ही भीती. त्या दोन दिवसांत त्याचा पेन ड्राइव्ह तीन खोल्यांत फिरला. शिक्षेच्या धाकाने पोरं सुधारत नाहीत, लपवतात, आणि लपवण्याइतकं रॅन्समवेअरला सोयीचं दुसरं काही नाही. जो आधी येऊन सांगेल त्याला ओरडा बसणार नाही, एवढा एक नियम नोटीस बोर्डावर लागला तर तो कुठल्याही अँटिव्हायरसपेक्षा जास्त काम करेल.

ज्याचं झालं त्याने काय करावं? आधी नेटची केबल काढा, वायफाय बंद करा. काही जोडू नका, पुसू नका, चिठ्ठीसुद्धा ठेवा. दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून पासवर्ड बदला. ‘नो मोअर रॅन्सम’ हा युरोपोल, डच पोलिस आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेला उपक्रम आहे, तिथे आपल्या प्रकाराचा फुकट उपाय आहे का ते पाहा. सायबर गुन्ह्याची तक्रार १९३० वर करा. पैसे भरू नका. किल्ली मिळेल याची खात्री नाही, आणि मिळाली तरी तुमच्या पैशाने पुढच्या पोराचं कुलूप तयार होतं.

‘फुकट ते पौष्टिक’ म्हणणाऱ्याने मेसचं जेवण गृहीत धरलं असावं, क्रॅक नव्हे. तेव्हा हा अंक मिटल्यावर एकच करा. प्रोजेक्टचा फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करा, पेन ड्राइव्ह काढा आणि कपाटात ठेवा. काढायला विसरू नका, सगळी गंमत त्या काढण्यातच आहे.