कुत्र्यासाठी गळा काढणाऱ्यांनो

आमच्या बेळगावात जुन्या सिनेगीतांच्या तबकड्या जमवणारे आम्ही सातआठ जण आहोत. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी माडीवर बैठक बसते. कुणी मिरजेहून, कुणी मुंबईच्या चोरबाजारातून आणलेला माल दाखवतो, दोनचार तबकड्या वाजतात, पोहे होतात, आणि मग गाडी नेहमीच्या रुळावर येते. 'गोएंकांनी कंपनी घेतली आणि एच.एम.व्ही. मेली!' हे वाक्य मी पस्तीस वर्षे ऐकतो आहे. त्यातली वीस वर्षे तरी मी स्वतः ते म्हटलेले आहे. आता म्हणवत नाही. का, ते सांगण्यासाठी हा लेख. माझे मित्र रागावतील, रागावोत.

आधी आमच्या तक्रारीत तथ्य किती ते मान्य करून टाकतो. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया ही १९८५च्या सुमारास इंग्रजांच्या ई.एम.आय.कडून आर.पी.जी. उद्योगसमूहाकडे आली. २००० साली तिचे नाव 'सारेगामा' झाले. पुढे गोएंका बंधूंच्या वाटण्या झाल्या तेव्हा ती धाकट्या पातीकडे गेली. या प्रवासात ध्वनिमुद्रिका हा मालमत्तेच्या यादीतला एक आकडा झाला, हे खरेच. जुन्या गाण्यांवर नवा ठेका चढवून ती विकण्याचे दिवस आले, तेव्हा आमच्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी ती कॅसेट रस्त्यावर आपटून फोडली होती. मी टाळ्या वाजवल्या होत्या. २०१७ साली 'कारवां' नावाचा पाच हजार गाण्यांचा पेटारा बाजारात आला. ज्या कंपनीच्या कोठारात लाखाहून अधिक गाणी आहेत तिने त्यातली शंभरात पाचच पुढे केली, बाकीची कोठारातच राहिली. यात राग येण्यासारखे आहे, नाही असे नाही. (आमच्या वहिनींनी मात्र तो पेटारा घेतला आणि त्या दिवसभर आनंदात असतात. त्यांच्या आनंदाला नाक मुरडण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे हल्ली वाटते.)

पण मित्रहो, जे गेले म्हणून आपण रडतो ते होते तरी कुणाचे? १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचा आवाज टिपला तो विलायतेहून आलेल्या गोऱ्या साहेबाने, आणि त्या तबकड्या छापून आल्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. १९०८ साली कलकत्त्यात कारखाना निघाला तो इथल्या संगीताच्या प्रेमाने नव्हे; माल इथे खपत होता आणि लाख इथे पिकत होती म्हणून. 'हिज मास्टर्स व्हॉइस', म्हणजे धन्याचा आवाज! नावातच सगळे आले. धनी लंडनचा होता तेव्हा आपल्याला तो संगीताचा आश्रयदाता वाटला, आणि धनी कलकत्त्याचा झाला तेव्हा वाणी वाटला. चित्रातल्या कुत्र्याला धनी बदलल्याचे काही वाटले नसावे. वाटले ते आम्हालाच.

आणि त्या सोन्याच्या काळातला कारभार कसा होता? 'महल' (१९४९) चित्रपटातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव होते 'कामिनी'. ते पडद्यावरच्या पात्राचे नाव. रेडिओला श्रोत्यांची पत्रे गेली तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव लोकांना कळले. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटे मावत, म्हणून पडद्यावरचे गाणे कापून बसवले जाई. गेलेले कडवे चित्रपटाच्या प्रतीबरोबर गेले. खप नसलेली तबकडी यादीतून निमूट वगळली जाई. आमच्या हुबळीच्या गंगूबाई हनगलांच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर तर 'गांधारी' हे नाव छापलेले असे. गीतकार-संगीतकारांना मानधनातला वाटा कुणाला लिहून देता येणार नाही, अशी तरतूद कायद्यात यायला २०१२ साल उजाडावे लागले. ती तरतूद इंग्रज कंपनीने आणली नाही, तशी देशी कंपनीनेही नाही.

कंपनी विकली का गेली, हेही आपण सोयीस्कर विसरतो. कॅसेटचे युग आले हे तिने उशिरा ओळखले. मागणी असलेला माल दुकानात नसे, असला तर महाग असे. ती जागा टी-सिरीजने आणि चोरट्या नकलांनी भरून काढली. खडेबाजारात पदपथावर मिळणाऱ्या त्या नकला आम्हीच घेत होतो. मीही घेतल्या. तेव्हा शोकसभेला बसताना आपणही त्या तिरडीला खांदा दिलेला आहे, एवढे तरी आठवावे.

असो. कंपनीचे पाढे वाचणे हा या लेखाचा हेतू नाही. माझे भांडण आमच्याशी आहे.

आपल्याकडच्या कायद्याने ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. १९६० साली निघालेल्या तबकडीचा २०२०च्या अखेरीस संपला. शब्दांचा आणि चालीचा हक्क वेगळा, तो कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांचा. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७पर्यंत राहणार. पण आवाजापुरते बोलायचे तर आपल्या कपाटातला बहुतेक खजिना आज ना गोएंकांचा आहे, ना लंडनकरांचा. मग तो कोठारातून बाहेर का येत नाही? कारण त्यावर वेटोळे घालून आपण बसलो आहोत.

हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणत नाही. साधारण २०१२ची गोष्ट. निपाणीकडून एक मुलगी माझा पत्ता शोधत आली. तिच्या आजीने शाळकरी वयात एका मराठी बोलपटात एका गाण्यात साथीचा आवाज दिला होता. बोलपट १९४१-४२च्या आसपासचा. नाव मुद्दाम देत नाही. त्याची प्रत कुठे उरल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तबकडी माझ्याकडे होती. लेबलावर आजीचे नाव अर्थातच नव्हते. आजी पंच्याऐंशीची, अंथरुणाला खिळलेली. 'काका, एकदा मोबाइलवर उतरवून घेऊ द्या, तिला ऐकवते,' एवढेच मुलीचे म्हणणे.

मी नाही म्हणालो. सुईने तबकडी झिजते, असे कारण दिले. ते अर्धेच खरे होते. खरे कारण असे की ती तबकडी आमच्यात फक्त माझ्याकडे होती, आणि एकदा नक्कल बाहेर गेली की ती फक्त माझ्याकडे राहणार नव्हती. मी तिला चहा दिला, संग्रह दाखवला, आणि रिकाम्या हाताने परत पाठवले.

पुढच्या पावसाळ्यात घराला रंग काढला तेव्हा कपाट हलवताना वरचा गठ्ठा निसटला. लाखेची तबकडी पडली की तिचे काय होते ते तुम्हाला सांगायला नको. अकरा फुटल्या; त्यांत ती होती. आठवडाभराने धीर करून मी त्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, 'राहू द्या काका. आजी संक्रांतीलाच गेली.' आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

आता सांगा, मी आणि कंपनी यांत फरक काय? कंपनी निदान खपणारे गाणे तरी लोकांना ऐकवते.

आमच्यातले एक जण म्हणतात, नकला दिल्या तर कुणीतरी त्या विकून पैसे करील. करू दे! आपण तबकड्या कोणत्या भावाने विकतो, ते त्यांनी एकदा मोठ्याने सांगावे. दुसरे म्हणतात, हे सरकारचे काम आहे. कानपूरच्या हरमंदिरसिंग 'हमराज' यांनी हिंदी चित्रपटगीतांचा कोश सिद्ध केला, १९३१पासून १९८०पर्यंतचा, पाच खंडांत. ते सरकार नव्हते आणि कंपनीही नव्हते. मुंबईत १९९० साली ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था उभी राहिली, तिने स्वतःचे नियतकालिक चालवले. तीही आपल्यासारखीच हौशी माणसे. आपण सातआठ जणांनी इतक्या वर्षांत साधी एकत्र यादी केलेली नाही, कारण यादी केली की कुणाकडे काय आहे ते सगळ्यांना कळते.

कंपनीकडे मागायचे ते जरूर मागू या: कोठारात काय आहे त्याची संपूर्ण यादी तिने प्रसिद्ध करावी. पण ती मागताना आपली यादी आपल्या हातात असली पाहिजे. तबकडीचा क्रमांक, लेबलालगतच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स नंबर, चित्रपट, गायक, आणि जिथे लेबल खोटे बोलते तिथे ठाऊक असलेले खरे नाव. शिवाय प्रत्येक तबकडीची एक नक्कल गावातल्या वाचनालयात, मागेल त्याला ऐकायला.

मी गेल्या दिवाळीपासून सुरुवात केली आहे. सहाशे चाळीसपैकी दोनशे बारा उतरवून झाल्या. फुटलेल्या अकरांची नोंदही केली आहे, क्रमांकांसह. तुकडे जुळवून मॅट्रिक्स नंबर वाचता आले. त्या एका नोंदीपुढे आजींचे नाव लिहिले आहे, मुलीला विचारून.

पुढच्या महिन्याची बैठक माझ्याकडे आहे. येताना प्रत्येकाने वही आणावी. मास्तरांनी अजून होकार कळवलेला नाही.