देवाच्या दरबारातील आसनव्यवस्था

जगातील कोणत्याही दरबारात पाऊल ठेवणाऱ्यास सर्वांत आधी स्वतःची पायरी कळते. मानकरी कोठे, मनसबदार कोठे आणि अर्ज घेऊन तिष्ठत राहणारा रयतेपैकी एक कोठे, हे चोपदाराच्या नुसत्या नजरेने ठरून जाते, आणि राजाचे वैभव जितके थोर तितकी ही उतरंड अधिक उंच असते. परमेश्वराचे ऐश्वर्य वर्णिताना ख्रिस्ती धर्मशास्त्रानेही सिंहासन, मुकुट, सेवकगण हीच राजसभेची सामग्री घेतली आहे. परंतु त्या ऐश्वर्याच्या दर्शनाने माणसामाणसांतील उतरंड वाढावी असे नव्हे, तर ती जागच्या जागी कोसळावी, अशी त्याची अपेक्षा आहे.

यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील सहावा अध्याय या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. तो प्रसंग घडतो उज्जीया राजा मरण पावला त्या वर्षी. हा उज्जीया बावन्न वर्षे राज्य करून बलाढ्य झाला, बळाबरोबर उन्मत्त झाला, आणि याजकांचा अधिकार झुगारून स्वतः धुपाटणे हाती घेऊन मंदिरात शिरला, तेव्हा त्याच्या कपाळी कोड उठले, अशी कथा इतिहासग्रंथात आहे. तो गेला त्याच वर्षी यशयाला दुसरे सिंहासन दिसते; प्रभूच्या वस्त्राच्या नुसत्या घोळाने मंदिर भरून गेले आहे, उंबरठ्याचे पाये हादरत आहेत, सर्वत्र धूर कोंदला आहे, आणि ज्यांना पातकाचा स्पर्शही नाही ते सराफीमसुद्धा पंखांनी तोंड झाकून उभे आहेत. अशा वेळी यशयाच्या मुखातून प्रथम स्तोत्र निघत नाही. आपण अशुद्ध ओठांचा मनुष्य आहोत आणि अशुद्ध ओठांच्याच लोकांत राहतो, एवढेच तो कळवळून म्हणतो. यरुशलेमेतील राजवाड्यात ज्याची ऊठबस होती, असा हा संदेष्टा त्या क्षणी स्वतःला सर्वसामान्य प्रजेच्या ओळीत बसवून मोकळा होतो. वेदीवरचा निखारा ओठांना लागतो तो त्यानंतर, आणि कामगिरीवर रवानगी होते ती त्याच्याही नंतर.

देवाला स्तुतीची गरज काय, तो काय खुशामतीचा भुकेला आहे, असा प्रश्न आपल्याकडील बुद्धिवादी नेहमी विचारतात, आणि तो रास्तही आहे. पन्नासाव्या स्तोत्रात देवानेच तो निकालात काढला आहे: रानातील सारे पशू ज्याच्या मालकीचे, तो भूक लागली म्हणून माणसापुढे हात पसरणार नाही. तेव्हा उपासनेची गरज आहे ती उपासकाला. आपण सिंहासनावर बसलेलो नाही, याची आठवण त्याला वारंवार करून द्यावी लागते.

ही आठवण पुसली की काय होते, ते करिंथच्या मंडळीने पहिल्याच शतकात दाखविले. प्रभुभोजनास जमल्यावर संपन्न लोक आपापले अन्न आधीच उरकून, पिऊन तर्र होत, आणि गरीब तसेच उपाशी राहत. त्यावर पौलाने साफ लिहिले, की तुम्ही खाता ते प्रभूचे भोजनच नव्हे. पुढे आपल्या देशात तिरुनेलवेली प्रांतातील वडक्कनकुळम येथे एकोणिसाव्या शतकात असे एक मंदिर उभे राहिले, की त्याच्या दोन भुजा वेदीपाशी येऊन मिळाव्यात, दोन्ही जातींच्या भाविकांना वेदी दिसावी, परंतु परस्परांचे तोंड मात्र दिसू नये. स्थापत्य म्हणून ही युक्ती अजब खरी. पण शेजाऱ्याचे तोंड चुकवून ज्याचे वैभव पाहायचे, तो देव कोणता, हे त्या गवंड्यास कोणी विचारले असेल असे वाटत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा सर्वांत धीट विचार रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी केला. ख्रिस्ताला माउली म्हणून आळवणारा हा कवी देवाच्या महतीपुढे लवत नव्हता, असे मात्र कोणी समजू नये. त्यांची जवळीक ही लवलेल्या माणसाची जवळीक होती. बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी, 1917 मध्ये, मिशनची नोकरी सोडून त्यांनी सातारा येथे ‘देवाचा दरबार’ आरंभिला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांस जागा ठेवली. 1919 च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले आणि तो उपक्रम फार वाढू शकला नाही. तो वाढता तर आमच्या उपासनेचे वळण वेगळे झाले असते, असे आम्हांस वाटते.

आज गायनवृंदाचा ध्वनिक्षेपक मोठा झाला आहे, व्यासपीठावर रंगीत दिवे आले आहेत. त्याविषयी आमची तक्रार नाही, कारण झांजांच्या दणदणाटाने देवाची स्तुती करणे शास्त्रसंमत आहे. तक्रार आहे ती पहिल्या रांगेतील पांढरी खोळ चढविलेल्या खुर्च्यांविषयी, ज्यांवर देणगीदार आणि पाहुणे पुढारी यांच्या नावांच्या चिठ्ठ्या डकविलेल्या असतात, आणि सतरंजीवर बसलेल्या म्हाताऱ्यांना त्यांच्यामुळे वेदी दिसत नाही. याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घालून सभेत येणाऱ्याचा आणि मळक्या वस्त्रांतील दरिद्र्याचा जो दाखला दिला आहे, तो वाचूनही पंचमंडळे दरवर्षी त्या चिठ्ठ्या लिहितात. यंदाच्या नाताळासाठी रंगसफेदीचे अंदाजपत्रक ज्यांना मंजूर करावयाचे आहे, त्यांनी त्याच बैठकीत या खुर्च्या भिंतीकडेला हलविण्याचा ठराव करावा. त्यास खर्चाची तरतूद लागत नाही.