अस्वलाचे पाणी

मंडळी, आपल्या बेळगाव जिल्ह्यासारखे दोन जिल्हे आत मावतील आणि तरी जागा उरेल, एवढे मोठे एक गोड्या पाण्याचे तळे आहे. आणि त्याच्या काठावर गावे किती? फक्त एक!

हे तळे कॅनडाच्या वायव्य भागात आहे. नकाशावर त्याचे नाव ग्रेट बेअर लेक. क्षेत्रफळ सुमारे ३१ हजार चौरस किलोमीटर, खोली काही ठिकाणी ४०० मीटरहून अधिक. आर्क्टिक वृत्त त्याच्या उत्तर भागातून जाते. नोव्हेंबरच्या अखेरीस गोठलेले पाणी पुरते मोकळे व्हायला जुलै उजाडतो. तिथले देने लोक त्याला ‘साहतू’ म्हणतात. ‘साह’ म्हणजे अस्वल, ‘तू’ म्हणजे पाणी. घरात तळे आणि बाजारात केरे म्हणणाऱ्या आपल्याला एका पाण्याला दोन नावे असल्याचे नवल वाटायला नको.

हिमनद्यांनी कोरलेल्या या तळ्याला पाच फाटे आहेत. पूर्वेचा काठ अतिप्राचीन, कठीण खडकाचा. पश्चिमेकडे सखल रान. पाणी बाहेर पडायला वाट एकच, नैर्ऋत्येची ग्रेट बेअर नदी. ती पुढे मॅकेन्झी नदीला मिळते. या नदीच्या उगमाजवळच ते एकुलते एक गाव आहे, देलिने. नावाचा अर्थ ‘पाणी वाहते ती जागा’. वस्ती पाच-सहाशे माणसांची.

मला वाटते, या गावाचे नशीब या भूगोलानेच लिहिले. १९३० मध्ये गिल्बर्ट लाबाइन याला पूर्वेच्या खडकात रेडियम आणि युरेनियमचे खनिज सापडले. तिथे पोर्ट रेडियमची खाण उभी राहिली. १९४२ पासून तिथले युरेनियम अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पासाठी जाऊ लागले. खाण पूर्वेला, नदी पश्चिमेला. म्हणजे माल सगळे तळे ओलांडूनच न्यायचा. पुढे नदीत खळाळ लागला की पोती उतरवायची आणि वाहायची. हे काम देने पुरुषांनी केले. पोत्यात काय आहे, त्याचा धोका काय, हे त्यांना कोणी सांगितले नाही.

पुढे त्यांतले कित्येक जण कर्करोगाने गेले. गावाला ‘विधवांचे गाव’ म्हणू लागले. त्या आजारांचा खाणीशी संबंध शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध करता येत नाही, असे २००५ च्या संयुक्त अहवालाने म्हटले. ज्या घरातला कर्ता गेला, त्या घराचे एवढ्याने समाधान कसे व्हावे?

पण या गावाचे मोठेपण पुढेच आहे. १९९८ मध्ये देलिनेची माणसे हिरोशिमाला गेली. आपल्या पाण्यावरून गेलेल्या खनिजाचा त्या संहाराशी संबंध आला, म्हणून तिथल्या लोकांजवळ त्यांनी दुःख व्यक्त केले. ज्यांना काहीच सांगितले गेले नव्हते, त्यांनी हे केले!

देने लोकांच्या जुन्या कथेत या तळ्याच्या तळाशी पाण्याचे हृदय धडधडते आणि मासे त्याची राखण करतात. २०१६ मध्ये युनेस्कोने हे तळे आणि भोवतालचा प्रदेश जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केला. त्याच वर्षी देलिनेला स्वतःचे स्वशासनही मिळाले. आता राखणीला माशांबरोबर माणसेही आहेत.

आज संध्याकाळी मुलांसमोर ॲटलास उघडा. वर डावीकडचे ते निळे तळे दाखवा, आणि ते ‘रिकामे’ नाही, हेही सांगा.