विश्लेषण : खेळाडू अध्यक्ष झाला, तरी भारतीय फुटबॉलची कोंडी का सुटली नाही?

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ८५ वर्षांच्या इतिहासात माजी खेळाडू अध्यक्षपदी येण्यास २०२२ साल उजाडावे लागले. माजी गोलरक्षक कल्याण चौबे यांची ही मुदत सप्टेंबर २०२६ पर्यंत आहे. या काळात नेमके काय बदलले?

निवडणुकीची वेळ का आली?

प्रफुल पटेल यांची मुदत संपूनही निवडणूक न झाल्याने मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारभार प्रशासकीय समितीकडे सोपवला. त्रयस्थांचा हस्तक्षेप म्हणत ‘फिफा’ने ऑगस्टमध्ये भारताला निलंबित केले. समिती बरखास्त झाल्यावर ११ दिवसांचे हे निलंबन उठले. मतदार यादीत ३६ नामवंत माजी खेळाडू घेण्याचा प्रस्तावही ‘फिफा’च्या आक्षेपामुळे मागे पडला. मतदान उरले फक्त राज्य संघटनांचे.

भुतियाला एकच मत का?

इथेच खरी मेख आहे. बायचुंग भुतिया म्हणजे भारताचा माजी कर्णधार, १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबकडून खेळलेला. चौबे टाटा फुटबॉल अकादमीत घडले, ईस्ट बंगाल आणि मोहन बागानकडून खेळले. वरिष्ठ भारतीय संघात निवड झाली, पण सामना खेळायला मिळाला नाही. पुढे ते भाजपमध्ये गेले आणि २०१९ मध्ये कृष्णनगरमधून लोकसभा लढवून पराभूत झाले. तरीही निकाल ३३-१ असा लागला. भुतियाने राजकीय हस्तक्षेपाचा आरोप केला. तो बाजूला ठेवला तरी राज्य संघटनांची मोट बांधणाऱ्यासमोर मैदानावरच्या लौकिकाची मातब्बरी किती, हे दिसलेच.

मग कामगिरी कशी?

सुरुवात बरी होती. जुलै २०२३ मध्ये भारत जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरात आला. त्यानंतर सरचिटणीस शाजी प्रभाकरन यांची हकालपट्टी, प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांच्याशी जाहीर भांडण. ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला आणि २०२७ चा आशिया चषक हुकला. महिनाभरात क्रमवारी १४२ वर.

त्याहून मोठा फटका पैशांचा. २०१० च्या १५ वर्षांच्या व्यावसायिक कराराने महासंघाला वर्षाला ५० कोटी मिळत. तो ८ डिसेंबर २०२५ रोजी संपला. नूतनीकरण रखडल्याने जुलैमध्येच ‘आयएसएल’ स्थगित झाली होती, निविदेला एकही बोली आली नाही. याचा सगळा दोष चौबेंवर टाकणे अन्याय्य ठरेल, कारण घटनेचा निकाल लागेपर्यंत नवा करार करू नका, असे न्यायालयानेच बजावले होते. पण करार कधी संपणार हे १५ वर्षे ठाऊक होते. दरम्यान, खेळाडूंचे पगार अडले, काही क्लबांनी सराव थांबवला.

पुढची निवडणूक वेगळी असेल?

सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या नव्या घटनेत सर्वसाधारण सभेत १५ नामवंत माजी खेळाडू असतील, त्यात पाच महिला. त्यांना मताधिकार आहे. राज्य संघटनांची मते मात्र अजूनही दुपटीहून अधिक आहेत.