शिशाची गोळी : शिकार एकाची, विषबाधा अनेकांना

मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी रायफलीत कोणती गोळी भरावी, हा प्रश्न दीर्घकाळ शिकाऱ्यांच्या आपसातील चर्चेपुरता होता. गेल्या दोन दशकांत तो पाश्चात्त्य देशांत सार्वजनिक धोरणाचा विषय बनला आहे. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा करून १ जुलै २०१९ पासून वन्यप्राण्यांच्या शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर राज्यभर बंदी घातली. डेन्मार्कने २०२४ मध्ये रायफलीच्या शिसेयुक्त गोळ्या बंद केल्या, तर ब्रिटनने २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने निर्बंध आणण्याचा निर्णय जाहीर केला.

या वादाचे मूळ गोळीच्या रचनेत आहे. शरीरात शिरल्यावर पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरण्यास १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने मनाई केली. कोलकात्याजवळील डमडमच्या कारखान्यावरून त्यांना 'डमडम' हे नाव पडले होते. शिकारीतील न्याय मात्र उलटा आहे. टणक आवरणाची गोळी हरणाच्या शरीरातून आरपार निघून जाते आणि जखमी जनावर दूरवर पळून तडफडत मरते. पसरणारी गोळी हृदय वा फुप्फुसांवर मोठा आघात करून त्याला लवकर मृत्यू देते. त्यामुळे हरीण, एल्क यांसारख्या प्राण्यांसाठी तीच योग्य मानली जाते.

अशी गोळी बनविण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे तांब्याच्या पातळ आवरणात भरलेले मऊ शिसे. परंतु वेगाने आदळताच या शिशाचे असंख्य बारीक कण जखमेपासून दूरपर्यंत विखुरतात. शिकारी मांस घेऊन जातो, आतडी रानातच राहतात. त्यावर जगणाऱ्या कॅलिफोर्निया कॉन्डॉर या महाकाय पक्ष्याची संख्या १९८२ मध्ये अवघी २२ उरली होती. १९८७ पर्यंत उरलेले सर्व पक्षी पकडून त्यांचे प्रजनन करण्यात आले आणि १९९२ पासून ते पुन्हा निसर्गात सोडले जाऊ लागले. आज ही संख्या पाचशेच्या पुढे गेली आहे. मात्र मोकळ्या रानातील ज्या मृत्यूंचे कारण निश्चित झाले, त्यांतील सुमारे निम्मे शिशाच्या विषबाधेने झाले आहेत. माणूसही यातून सुटलेला नाही. गरिबांना वाटण्यासाठी दान केलेल्या हरणाच्या मांसात शिसे आढळल्याने २००८ मध्ये नॉर्थ डकोटात ते न वापरण्याचा सल्ला देण्यात आला होता.

शुद्ध तांब्याची गोळी हा पर्याय उपलब्ध आहे. ती उमलते, पण फुटत नाही आणि जवळजवळ सर्व वजन राखून खोलवर शिरते. तरीही शिकाऱ्यांच्या शंका निराधार नाहीत. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि जुन्या रायफलीच्या नळीतील पेच तिला पुरेसे स्थैर्य देतीलच असे नाही. लांब अंतरावर वेग मंदावला तर ती नीट उमलत नाही. शिवाय किंमतही बहुधा जास्त असते. म्हणजेच गोळी बदलताना शिकाऱ्याला नेमबाजीचा नवा सराव करावा लागतो आणि अंतराची मर्यादाही पाळावी लागते.

अ‍ॅरिझोनाने हे ओळखून सक्तीऐवजी मन वळविण्याचा मार्ग स्वीकारला. कॉन्डॉरच्या क्षेत्रातील शिकाऱ्यांना २००५ पासून शिसेविरहित काडतुसे मोफत देण्यात आली आणि बहुसंख्य शिकाऱ्यांनी प्रतिसाद दिला. कॅलिफोर्नियात कायदा कडक असला तरी नेमबाजीच्या सरावासाठी शिशाच्या गोळ्यांची विक्री चालूच आहे आणि कॉन्डॉरची विषबाधाही थांबलेली नाही. केंद्रीय पातळीवर तर धोरणाचा खेळखंडोबा झाला. संघराज्याच्या अभयारण्यांतून शिसे हटविण्याचा जानेवारी २०१७ मधील आदेश नव्या सरकारने मार्चमध्येच रद्द केला.

भारतात शिकारीला कायद्याने बंदी असली तरी या अनुभवाचे आपल्याशी नाते आहे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकमुळे आपली गिधाडे अशीच मृत पशूंमधून विष खाऊन संपत गेली. २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात राहिल्या. अखेर २०१५ मध्ये कुपीच्या आकारावर मर्यादा घालावी लागली. सुरक्षित पर्याय परवडणारा आणि सहज मिळणारा असेल, तरच बंदीला अर्थ उरतो. कॉन्डॉरचे भवितव्यही कायद्याच्या कलमाइतकेच शिकाऱ्याला दुकानात कोणते काडतूस मिळते, यावर अवलंबून राहील.