भिंती जुळल्या तरच हिशेब जुळतो



आपल्या बडोद्यातले जुने वाडे एकेक करून वाटणीला, नाहीतर बिल्डरकडे चाललेत. त्याबद्दलची हळहळ इथे पुष्कळांनी लिहिली आहे, मी ती पुन्हा लिहीत नाही. मला सांगायचंय ते जरा रुक्ष आहे, पण पुढे भावाभावांत कटकट नको असेल तर कामाचं आहे. वाड्याचा नकाशा कॉम्प्युटरवर काढून घ्याल, तेव्हा त्यात भिंती एकमेकींना कशा जोडल्यात ते आधी बघा. सही नंतर.

तुम्ही म्हणाल, बँकेत जन्म काढलेल्या माणसाला यातलं काय कळतं? अहो, घरकर्जाच्या फायलींत नकाशे आणि व्हॅल्युएशन रिपोर्ट पाहण्यात माझी कितीतरी वर्षं गेली. आता नात आर्किटेक्चर शिकते, ती शेजारी बसवून दाखवते. मला त्यात आपली खतावणीच दिसली.

आधी कोपरा घ्या. दीड फूट जाडीच्या दोन भिंती काटकोनात मिळतात, तिथे १.५ बाय १.५ चा चौकोन असतो, म्हणजे २.२५ चौरस फूट. तो या भिंतीचा की त्या भिंतीचा? दोन्हीकडे धरला तर एकच रक्कम दोन खात्यांत पडली. चार कोपऱ्यांचे ९ चौरस फूट, आणि १० फूट उंचीला ९० घनफूट बांधकाम कागदावर फुकट वाढलं. जुने ओव्हरसियर यासाठीच लांब भिंत बाहेरून बाहेर आणि आखूड भिंत आतून आत मोजत. रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमध्येही तोच न्याय आहे. एक भिंत सरळ पुढे जाते आणि दुसरी तिला टेकून थांबते, त्याला बट म्हणतात. किंवा फोटोच्या चौकटीसारख्या दोन्ही तिरक्या कापून जुळवतात, तो मायटर. कुठलाही घ्या, पण चौकोन एकदाच मोजला गेला पाहिजे.

दुसरी गोष्ट फटीची. ऑटोकॅडमध्ये नुसत्या रेघांनी भिंत काढली आणि एक रेघ दुसरीच्या एक मिलिमीटर अलीकडे थांबली, तर पडद्यावर आपल्याला काही दिसत नाही. पण खोलीत हॅच भरायला गेलं की मशीन अडतं, कारण खोली बंदच झालेली नसते. रेव्हिटमध्येही भिंतींचा घेर पुरा नसेल तर खोली बंदिस्त नाही असा इशारा येतो आणि क्षेत्रफळ मिळत नाही. खरा उपाय सोपा आहे: ऑटोकॅडमध्ये फिलेटची त्रिज्या शून्य ठेवून दोन्ही रेघा कोपऱ्यात नेमक्या मिळवायच्या. पण घाईतला ड्राफ्ट्समन काय करतो? वरून एक जास्तीची रेघ मारून भोक बुजवतो, किंवा आकडा हाताने टाइप करतो. आमच्याकडे दिवसाचा मेळ बसला नाही तर कोणी खिशातले दोन रुपये टाकून घरी जात नसे. फरक दोन रुपयांचा असला तरी तो शोधायचा, कारण त्याच्यामागे दोन हजारांची उलटसुलट नोंद दडलेली असू शकते.

तिसरा प्रश्न तोंडी विचारा: क्षेत्रफळ कुठून कुठपर्यंत धरलंय? भिंतीच्या आतल्या अंगापासून की भिंतीच्या मध्यापासून? सॉफ्टवेअर दोन्ही देतं. आतून १० बाय १२ ची खोली १२० चौरस फूट. चारही भिंती दीड फुटी असतील, तर मध्यापासून तीच खोली ११.५ बाय १३.५, म्हणजे १५५.२५. एका भावाची खोली एका रीतीने आणि दुसऱ्याची दुसऱ्या रीतीने मोजली, तर ३५ चौरस फुटांचं भांडण आयतंच तयार. बिल्डरकडे गेलात तर २०१६ च्या रेरा कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या आहे: बाहेरच्या भिंतींची जागा त्यात धरत नाहीत, फ्लॅटमधल्या आतल्या पार्टिशनची धरतात. म्हणजे कुठली भिंत बाहेरची आणि कुठली आतली, हे नकाशात नीट ठरलेलं हवं.

आता माझं खरं म्हणणं. सफाईदार जोड म्हणजे सगळं एकमेकांना चिकटवणं नव्हे. सॉफ्टवेअरला टोकाला टोक लागलं की ते आपणहून भिंती एकजीव करून टाकतं. पण आपल्या वाड्यांत मूळ भिंत जुन्या वीट-चुन्याची, आणि तिला नंतर कधीतरी नुसती टेकवलेली संडास-बाथरूमची साडेचार इंची भिंत सिमेंटची. त्या दोघींचा बांध एक नाही, पावसाळ्यात तिथे चीर दिसते. नकाशात ती एकसंध दाखवली तर तो नकाशा देखणा आहे, खरा नाही. तिथे जोड नाकारायची सोय सॉफ्टवेअरमध्येच आहे, ती वापरायला सांगा. शेजारच्या वाड्याच्या बाजूलाही तेच. दोघांच्या आपापल्या दोन भिंती लागून उभ्या आहेत की एकच सामाईक आहे, हे न बघता एक जाड भिंत काढून मोकळं व्हायचं, आणि पुढे पाडापाडीच्या वेळी दोन घरं कोर्टात. मालकीची रेघ माऊसने ठरत नसते.

म्हणून माप घेताना घरातला एक जाणता माणूस टेपचं दुसरं टोक धरून उभा राहू दे. प्रत्येक भिंतीची जाडी दारा-खिडकीपाशी वेगवेगळी घ्या. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. १० बाय १२ ची खोली काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण १५ फूट साडेसात इंचांच्या आसपास येतील. दोघांत फरक आला तर कोपरा वाकडा आहे, आणि तो नकाशातही वाकडाच राहू द्या. जुन्या वाड्याला बळेच काटकोनात बसवू नका.

खर्च वाढतो, मान्य आहे. पण सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० साली, ज्या गावात कलाभवन निघालं, त्या गावाने तरी कच्च्या नकाशावर वाटणी करू नये. वाडा राहील की जाईल ते आपल्या हातात असेलच असं नाही. पण तो कसा होता याचा एक खरा नकाशा मुलाबाळांच्या हाती देणं नक्कीच आहे.

ज्यांच्याकडे मोजणी झाली आहे त्यांनी आपले अनुभव खाली जरूर लिहावेत. इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींनीही.