संघ आपला, मग पोरगी घरात का?

२ मार्च २०२५. रविवार होता. गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या, भाजी फोडणीला टाकायची बाकी, आणि आमच्या घरातली सगळी पुरुषमंडळी एका मोबाइलभोवती डोकी जोडून बसलेली. नागपूरजवळ जामठ्याला रणजी करंडकाचा अंतिम सामना चालला होता, विदर्भ विरुद्ध केरळ. मीही ओल्या हातांनी मधूनमधून डोकावत होते. शेवटी सामना अनिर्णित सुटला आणि घरात एकच जल्लोष झाला. शेजारच्या काकूंनी त्यांच्या गच्चीवरून विचारलं, "काऊन वं, मॅच त बरोबरीत सुटली म्हणते, मंग हे पोट्टे नाचून काऊन रायले?"

मी म्हटलं, "काकू, पहिल्या डावात विदर्भाच्या ३७९ धावा झाल्या, केरळच्या ३४२. पाच दिवसांत निकाल लागला नाही, तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त, त्याचा करंडक. ३७ धावा आपल्या जास्त होत्या!"

माझे दीर माझ्याकडे बघतच राहिले. "वहिनी, तुम्हाला एवढं कळतं?"

कळतं, मैत्रिणींनो! तुम्हालाही कळतं. पोळ्या लाटता लाटता आपण स्कोअर ऐकतो, कोण बाद झालं ते जेवायला वाढताना सांगतो. फक्त आपल्याला कोणी चाहते म्हणून मोजत नाही. मी मात्र स्वतःला मोजते. आणि चाहतीला आपल्या संघाचं प्रगतिपुस्तक तपासायचा हक्क असतोच. ते आज उघडू या.

आधी क्रिकेट. विदर्भाचा संघ रणजीत उतरला तो १९५७-५८ साली. त्यानंतर वर्षानुवर्षं विदर्भ म्हणजे मोठ्या संघांना सोपा पेपर. आपल्या वडिलांच्या पिढीला मुंबईच्या खेळाडूंची नावं पाठ असायची, विदर्भाची नाही. हे चित्र पालटलं १ जानेवारी २०१८ रोजी. इंदूरला दिल्लीला नऊ गडी राखून हरवत विदर्भाने पहिला करंडक उचलला. फैज फजल कर्णधार, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, आणि अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीची हॅटट्रिक. अनेकांना वाटलं, नशिबाने जिंकले. पण पुढच्याच हंगामात सौराष्ट्राला हरवून करंडक परत घरी! २०२४ च्या अंतिम सामन्यात मुंबईने १६९ धावांनी हरवलं, ते लागलं जिव्हारी. पण रडत न बसता संघ वर्षभरात पुन्हा उभा राहिला. अक्षय वाडकरच्या नेतृत्वाखाली तिसरा करंडक आला. दानिश मालेवारने अंतिम सामन्यात १५३ धावा केल्या, तर हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेतले. रणजीच्या एका हंगामात एवढे बळी आधी कोणीच घेतले नव्हते.

हे काही जादूने झालं नाही. मुलांना लहान वयात हेरलं, राहायची-शिकायची सोय केली, चांगला गुरू दिला, आणि हरल्यावरही विश्वास ठेवला. एवढंच. घरात पोरं वाढवताना आपण दुसरं काय करतो?

पण प्रगतिपुस्तक वाचताना मी आपल्या जिल्ह्याचं नाव शोधते. अथर्व तायडे अकोल्याचा, जितेश शर्मा अमरावतीचा. म्हणजे मोठी नावं पूर्णा ओलांडून आपल्या शेजारपर्यंत आलीत. मग आपलं बुलढाणा कुठे आहे?

बुलढाणा आहे, आणि चांगलंच आहे! फक्त ते बॅट-बॉलकडे नाही, धनुष्यबाणाकडे बघावं लागतं.

मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत आपल्या बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला हरवलं. श्लोसर म्हणजे त्या वेळचा जगातला पहिल्या क्रमांकाचा तिरंदाज. गुण होते १४९ विरुद्ध १४८. आता हा हिशेब जरा समजून घ्या. कंपाउंड धनुष्य म्हणजे दोन टोकांना चाकं असलेलं धनुष्य. अंतर ५० मीटर. मधलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त आठ सेंटिमीटरचं, म्हणजे आपल्या हातातल्या बांगडीपेक्षा थोडंसंच मोठं. बाण पंधरा. पैकी चौदा बाण त्या वर्तुळात आणि एकच जरासा बाहेर, तेव्हा होतात १४९! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा, नागपूरचा ओजस देवतळे आणि आपला प्रथमेश या तिघांनी दक्षिण कोरियाला २३५-२३० असं हरवून सांघिक सुवर्ण आणलं. तीन जणांच्या संघात दोन विदर्भाचे!

आणि या मैदानावर मुलगीही आहे बरं का. बुलढाणा पोलीस दलातल्या मोनाली जाधवने २०१९ मध्ये चीनच्या चेंगदूमध्ये झालेल्या जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत तिरंदाजीचं सुवर्ण जिंकलं. ड्यूटी, बंदोबस्त सांभाळून केलेला सराव तो. पोलीस खात्यातली नोकरी करता करता चंद्रकांत इलग यांनी बुलढाण्यात ही विद्या शिकवली, म्हणून हे घडलं. एका गावात एक गुरू पाय रोवून उभा राहिला की काय होतं, ते बघा.

आता प्रगतिपुस्तकातला शेवटचा रकाना. मुलींचा. इथे माझी लेखणी अडते.

विदर्भाच्या पुरुष संघातली पाच-सात नावं आपल्या गल्लीतली पोरं घडाघडा सांगतील. मोना मेश्राम कोण, हे किती जणींना ठाऊक आहे? नागपूरची ही मुलगी २०१७ मध्ये लॉर्ड्सवर अंतिम सामना खेळलेल्या भारतीय महिला संघाच्या चमूत होती. अमरावतीची भारती फुलमाळी २०१९ मध्ये भारताकडून इंग्लंडविरुद्ध टी-ट्वेंटी खेळली. चाहते म्हणवतो आपण, आणि आपल्याच पोरींची नावं आपल्याला माहीत नसतात!

आणि दुसऱ्यांना कशाला बोलू? माझंच सांगते. माझी मुलगी खो-खो खेळायची. सातवीत असताना तालुक्याला तिच्या शाळेचा संघ जिंकला, तेव्हा खांब पकडून वळताना ती विजेसारखी दिसायची. आठवीत गेली, सराव संध्याकाळी सहा-साडेसहापर्यंत चालायला लागला. अंधार व्हायचा. मैदानावर मुलींसाठी धड स्वच्छतागृह नव्हतं. पाळी सुरू झालेली. सासूबाई म्हणाल्या, "पोरीच्या जातीला किती हिंडवता?" यांनी काही म्हटलं नाही, आणि न म्हणणं म्हणजे काय ते आपल्याला कळतंच. शेवटी मीच म्हटलं, "बाळा, दहावी जवळ आली, आता बस्स." दहावी दोन वर्षं लांब होती. ती एकदाही भांडली नाही. बूट कपाटावर ठेवून दिले, एवढंच.

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. आमच्या चिखलीतही फटाके वाजले. रात्री बारानंतर लेकीचा फोन आला. ती आता पुण्याला नोकरी करते. खूप वेळ स्मृती, हरमनप्रीत, दीप्ती असंच बोलत होती. मग सहज म्हणाली, "आई, मी वाईट नव्हते गं खेळत." मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

ती विश्वविजेती झाली असती असं माझं म्हणणं नाही. कदाचित जिल्ह्यापर्यंतच गेली असती. पण कुठपर्यंत जाते ते तिने बघायला हवं होतं. तो दोर मी मध्येच कापला. आणि अशा किती आयांनी, किती घरांत, अगदी प्रेमापोटीच हा दोर कापला असेल!

म्हणून ही एक बातमी मी मुद्दाम सांगते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंड तिरंदाजीला पहिल्यांदाच प्रवेश मिळाला आहे, आणि तोही फक्त मिश्र सांघिक प्रकारात. म्हणजे एक मुलगा आणि एक मुलगी, दोघांनी मिळून. ज्या खेळात आपल्या जिल्ह्याने जग जिंकलं, त्या खेळात मुलगी सोबत असल्याशिवाय मुलालाही ऑलिंपिकची रेघ गाठता येणार नाही! साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये सतराव्या वर्षी याच कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेती झाली. साताऱ्याला जमलं, तर जिजाऊंच्या जिल्ह्याला का जमू नये? १२ जानेवारीला सिंदखेडराजाला आपण गर्दी करतो, लेकीला जिजाऊंचा वेश घालून फोटो काढतो. १३ तारखेला ती मैदानावर जाते का, हे कोण बघतं?

"सरकारने करावं, शाळेने करावं" हे आहेच. मैदानावर दिवे हवेत, मुलींसाठी स्वच्छतागृह हवं, महिला प्रशिक्षक हवी. ही मागणी पालक सभेत उठून करायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही. जूनमध्ये शाळेत जाल तेव्हा गणवेशाबरोबर हेही विचारा, मुलींचा संघ आहे का? सराव किती वाजता असतो? संध्याकाळचा सकाळी करता येईल का? गल्लीतल्या चार मुली एकत्र पाठवा, चार आयांनी पाळीपाळीने सोबत जा. घरचे विचारतील, "याने पोट भरतं का?" त्यांना सांगा, जिल्हा-विभाग-राज्य पातळीवर खेळलेल्यांना दहावी-बारावीला नियमाप्रमाणे वाढीव गुण मिळतात, आणि पात्र खेळाडूंसाठी राज्यात सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे. हे पटलं नाही तर मोनालीचं नाव सांगा.

चाहती म्हणून विदर्भाच्या क्रिकेट संघाला मी पैकीच्या पैकी देते. बुलढाण्याच्या तिरंदाजांना दोन गुण जास्तच. मुलींच्या रकान्यात मात्र आज मी काहीच लिहीत नाही. तिथे गुण कमी पडले तर ते पोरींचे नाहीत, आपले आहेत.

कपाटावरचे ते बूट मी परवा खाली काढले. आतून अजून नवेच आहेत. शेजारच्या काकूंची नात सातवीत आहे, तिला बरोबर बसले. काकू म्हणाल्या, "व माय, पोरगी अंधारात कशी येईन वं घरी?" मी म्हटलं, "मी जातो ना तिले आणायले."